भैरवीने सुरुवात

सवाई गंधर्व महोत्सव आटोपला की पुण्यात ठरावीक वयाच्या माणसांना एक आजार जडतो. कंबर धरते, झोप विस्कटते आणि भेटेल त्याला "यंदा काही जमलं नाही हो" असं सांगितल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव १९५३ साली सुरू केला. ही तक्रार बहुधा १९५४पासून चालू असावी.

आमचे अप्पा या आजाराचे जुने रुग्ण. आमचे म्हणजे माझ्या आत्याचे शेजारी. घराचे नव्हे, सतरंजीचे. रमणबागेत सवाई रात्र-रात्र चालायचा त्या काळात भारतीय बैठकीत आत्याच्या सतरंजीला अप्पांची सतरंजी येऊन भिडली. तेव्हापासून दोघांची ओळख वर्षातले मोजके दिवस, पण कडाक्याची. अप्पांची रक्तदाबाची गोळी किती वाजताची हे आत्याला पाठ, आणि आत्याला कुणाचं गाणं सोसत नाही हे अप्पांना. एकमेकांच्या घरी मात्र दोघं चुकूनही जात नाहीत. गाणं नसताना भेटून करायचं काय, असं दोघांचंही मत आहे.

रात्री दहाला कर्णे बंद करण्याचा नियम आल्यापासून अप्पांचा जगावरचा विश्वास उडालेला आहे. "साडेनऊला मालकंस? साडेनऊला माणूस दात घासतो!" हे ते दर डिसेंबरात म्हणतात. त्या वर्षीही शेवटच्या रात्री, मुकुंदनगरच्या मैदानाबाहेर रिक्षाची वाट बघताना म्हणाले.

"मग मद्रासला जाऊ या," आत्या म्हणाली. चेन्नई हे नाव तिच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही. "तिथे आत्ता सुरू होतं. पंधरा डिसेंबरपासून पार एक जानेवारीपर्यंत."

"कर्नाटकी? माई, ते आपल्याला कळायचं नाही."

"अप्पा, आपलं तरी आपल्याला कुठे कळतं? मान डोलते ना, बस्स."

मान डोलते की नाही हे बघायला हजारावर किलोमीटर जायचं, आणि तिकिटं, खोली, गोळ्या व भांडणं सांभाळायला बरोबर भाची न्यायची, असं त्या रिक्षातच ठरलं. भाची रिक्षातच होती. तिला कुणी विचारलं नाही.

आत्याने सामान सवाईच्या हिशेबाने बांधलं: सतरंजी, फुगवायची उशी, थर्मास, शेंगदाण्याचे लाडू, दोन शाली, कानटोपी. "आत्या, तिथे खुर्च्या असतात आणि उकडतं," मी सांगून पाहिलं. "गाण्याला थंडी असतेच," ती म्हणाली. विषय संपला.

गाडीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. सोलापूर झोपेत गेलं. गुंटकलच्या आसपास डब्यातली "चाय, चाय" ही आरोळी कधी "कापी, कापी" झाली ते कळलं नाही, आणि पहिल्या घोटाला अप्पा म्हणाले, "या लोकांना तालाचं अंग असणार." हे अनुमान त्यांनी कशावरून काढलं ते मी विचारलं नाही. अप्पा सेवानिवृत्त बँक अधिकारी आहेत. अनुमानाला तारण मागायची सवय त्यांना कर्जदारांपुरतीच.

चेन्नईत उतरलो तेव्हा आम्हाला घाम फुटला होता आणि फलाटावरचे हमाल मफलर गुंडाळून होते. मार्गळी महिना लागला की तिथली माणसं पंचमहाभूतांचं न ऐकता पंचांगाचं ऐकतात. चोवीस अंशांना कानटोपी चढते. आत्याने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं आणि पिशवीतून आपली कानटोपी काढली.

या शहरात डिसेंबरात गाणं ऐकणं हे पूर्णवेळ काम आहे. त्याची कथा अशी. १९२७च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकादमी निघाली. स्वराज्य मिळायला आणखी जवळजवळ वीस वर्षं गेली, पण कँटीन तातडीने सुरू झालं असावं असा माझा अंदाज आहे. अकादमीखेरीज नारद गान सभा, कृष्ण गान सभा, ब्रह्म गान सभा, मैलापूर फाइन आर्ट्‌स क्लब. ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा तर थेट १९००पासूनची. एकेका दिवशी शहरात इतक्या कच्चेऱ्या, म्हणजे मैफली, असतात की माणूस सकाळच्या व्याख्यानापासून रात्रीच्या मंगलमपर्यंत नुसता या सभेतून त्या सभेत पळत राहतो. दुपारी नवोदित गातात, ते बहुतेक ठिकाणी फुकट. संध्याकाळी मातब्बर, त्यांना तिकीट. आमच्या लॉजच्या मालकाने पहिल्याच दिवशी एक छापील पत्रक हातात दिलं. अप्पांनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि म्हणाले, "वा! काय पल्लेदार यादी आहे." ते एका कँटीनचं आठवड्याचं जेवणाचं पत्रक होतं.

पहिली संध्याकाळ अकादमीत. साडेसहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला, यानेच अप्पा निम्मे खचले. आपल्याकडे साडेसहा म्हणजे निवेदकाने दीपप्रज्वलनासाठी काडेपेटी मागायची वेळ. इथे पडदा वर गेला तेव्हा मंडळी जुळवून, लावून, तयार बसलेली. गाणाऱ्या बाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आमच्या उजव्या हाताला पाचूच्या रंगाची कांजीवरम नेसलेल्या, दोन्ही नाकपुड्यांत हिरे चमकणाऱ्या एक मामी बसल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान. मामींनी पहिल्या ओळीलाच मान हलवली आणि आमच्याकडे वळून, परगावच्या पाहुण्यांना मदत म्हणून हळूच म्हणाल्या, "भैरवी."

अप्पा खुर्चीखाली वाकले आणि चपला शोधू लागले.

यात त्यांची चूक नाही. उभ्या महाराष्ट्रात भैरवी म्हणजे संपलं. भैरवीचा पहिला सूर लागला की मागच्या रांगेतली माणसं उठतात, गाडीच्या किल्ल्या वाजू लागतात, एखादी आजी नातवाला स्वेटर घालायला घेते. इथे मात्र भैरवीतल्या ‘वर्णम’ नावाच्या रचनेने कच्चेरी सुरू करतात, आणि ती रचनाच आता दोन-अडीचशे वर्षांची होईल. ते वर्णम पच्चिमिरियम आदियप्पय्यांचं आणि आदियप्पय्या तंजावरच्या मराठा दरबारातले, म्हणजे गुन्हा निम्मा आपल्याच राज्यात घडलेला. शिवाय ही त्यांची भैरवी आपली नव्हेच. आपल्या भैरवीचे सूर त्यांच्याकडे ‘तोडी’ म्हणून हिंडतात आणि आपली तोडी ‘शुभपंतुवराळी’ या नावाने राहते. हे सगळं मला मामींनी नंतर कॉफीवर सांगितलं. त्या क्षणी मी फक्त अप्पांचं कोपर धरून त्यांना वर ओढलं.

"संपलं ना?" ते कुजबुजले.

"आत्ता सुरू झालंय."

"भैरवीने?" अप्पांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बँकेत खोटी सही पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच पाहिलेलं आहे.

दुसरा धक्का दादेचा. बाईंनी एक सुरेख जागा घेतली आणि आजूबाजूने आवाज उठला, "च्, च्, च्..." माना डावी-उजवीकडे हलल्या. आपल्याकडे हा आवाज कुणाचं पाकीट मारलं गेलं तर काढतात. पुढची जागा आणखी सुरेख आली, तर आणखी मोठ्याने च्-च्. अप्पांचा जीव तुटला. "माई, बिचारी इतकं चांगलं गातेय आणि हे बघा, सगळे हळहळताहेत!" त्यांनी तिला धीर द्यायचा म्हणून खणखणीत आवाजात "क्या बात है!" केलं. चार रांगा वळून पाहू लागल्या. मामींचे यजमान वळले नाहीत. ते ताल मोजत होते.

ताल मोजणं हा तिथला सार्वजनिक उद्योग. आपण मांडीवर अदमासाने थापा मारतो आणि सम आली की मान टाकतो. मधला प्रदेश तबलजीवर सोपवलेला. तिथे सभागृहातला प्रत्येक हात सरकारी हिशेब ठेवल्यासारखा चालू असतो. साधा आदी ताल घ्या. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट; मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. झाल्या आठ. हे हजार माणसं एकाच वेळी करतात, बोलता बोलता करतात, जांभई देताना करतात. त्यात पहिलंच वर्णम चौदा मात्रांच्या अट तालात, आणि अप्पा जन्माचे त्रितालवाले. त्यांचा हात सोळाच्या हिशेबाने भलत्याच ठिकाणी पडत होता. दोन-तीन आवर्तनं हे सोसल्यावर मामींच्या यजमानांनी नजर मंचावरून न हलवता, मामींच्या पुढून हात लांब करून अप्पांचं मनगट धरलं, ते उचललं आणि समेवर आपटलं. मग सोडून दिलं. तोंडातून शब्द नाही. मधल्या मामींनी फक्त पदर सावरला. त्यांना हे नवीन नसावं.

संध्याकाळभर असं चार-पाच वेळा झालं. अप्पा चिडतील असं मला वाटलं. मध्यंतर नव्हतंच, पण माझ्या बाजूला झुकून ते म्हणाले, "त्या गृहस्थांना ‘मामा’ म्हणायचं का?"

मुख्य रचना झाल्यावर मृदंगम आणि घटम यांचं तनि आवर्तनम सुरू झालं. इथे प्रेक्षागृहाचे दोन पक्ष होतात. मोठा पक्ष उठतो. स्वच्छतागृह, फोन, कँटीन ही सगळी कामं तालवाद्यांच्या खांद्यावर टाकून माणसं निघतात, आणि मंचावरचा मृदंगम वाजवणारा, आयुष्य घालवून कमावलेली गणितं, पाठमोऱ्या गर्दीला सोडवून दाखवत राहतो. आपल्याकडे तबल्याचं लग्गीकाम आलं की मेलेला माणूस टाळी वाजवतो, त्यामुळे आम्हाला हे पाहवेना. मामी आत्याचा हात धरून केव्हाच दाराशी पोचल्या होत्या. "कम, कम! क्यू वुइल बी लाँग!" आत्या मागे वळून न बघता गेली. तिला तालाशी कधीच कर्तव्य नव्हतं. ती सुरातली बाई.

मागे राहिलेला छोटा पक्ष म्हणजे मामा, अप्पा आणि मधली रिकामी खुर्ची. अप्पा सरकून त्या खुर्चीत बसले. दोघांचे हात आता एकदम पडत होते. मृदंगमने तिहाईसारखं काहीतरी टाकलं, ते तीनदा वाढत वाढत नेमकं समेवर येऊन बसलं, आणि मामांनी ओठ न हलवता नाकातून एक हुंकार काढला. अप्पांनी मला नंतर सांगितलं की आयुष्यात इतकी मोठी दाद त्यांनी ऐकलेली नाही.

आता कँटीन. खरं म्हणजे वर्णनाची सुरुवातच इथून करायला हवी होती. सभेच्या मागच्या अंगणात मांडव, बाकं, केळीची पानं, आणि दुपारी पानाच्या जेवणाला लांब रांग. सांबार, रसम, कूट्टू, पोरियल, अप्पळम, पायसम, शेवटी ताक-भात. संध्याकाळी केळफुलाचे वडे, पोंगल, रवा डोसा, कोहळ्याचा काशी हलवा. कॉफी दवऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून दवऱ्यात अशी हातभर उंचीवरून ओतत थंड करायची. त्या कामात आत्या दुसऱ्याच दिवशी इतकी पटाईत झाली की वाढपी तिच्याशी तमिळमध्ये बोलू लागला. बरेच लोक फक्त जेवायलाच येतात आणि गाण्याकडे फिरकत नाहीत. त्यांना कुणी हसत नाही. कुठल्या सभेचं कँटीन यंदा कुणाकडे आहे यावरून ज्या तावातावाने वाद होतात, तेवढ्या तावाने पुण्यात फक्त घराण्यांवरून होतात.

आत्या आणि मामी यांची मैत्री तिथेच मुरली. सामाईक भाषा नव्हती. मामींचं इंग्रजी सपाट्याचं, आत्याचं हिंदी सदाशिव पेठेतलं. त्यांनी मग रागांतून बोलायचं ठरवलं. आत्या गुणगुणायची, मामी नाव सांगायच्या. आत्याने भूप गुणगुणला, मामी म्हणाल्या, "मोहनम्." मालकंस गुणगुणला. "हिंदोळम्." यमनला त्या म्हणाल्या, "कल्याणी," आणि पुढचा आलाप स्वतःच घेऊन टाकला. शेजारच्या बाकावरचे दोन म्हातारे डोसा थांबवून सामील झाले. त्यातल्या एकाच्या खिशात रागांची जाडशी यादी असलेलं पुस्तक होतं; इथे गायक रागाचं नाव सहसा सांगत नाहीत आणि श्रोते ते ओळखण्याच्या ईर्ष्येने बसतात. आत्याने त्याला जोग गुणगुणून दाखवला आणि तो पुस्तक चाळत राहिला. त्याचा डोसा गार झाला. आत्याला त्या रात्री फार छान झोप लागली.

मधल्या एका दिवशी अप्पांनी सुट्टी जाहीर केली. "आज सिंगपेरुमाळ कोईल."

हे गाण्याचं ठिकाण नव्हे, रेल्वेचं आहे. चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या लोकलवर, तांबरमच्या बऱ्याच पुढे. १९३७च्या ऑक्टोबरात अब्दुल करीम खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत जीव घाबरला म्हणून या स्टेशनावर उतरले, फलाटावरच बिछाना घातला, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीत ईश्वराचं नाव घेत तिथेच गेले, असं सांगतात. २७ तारीख होती. पुढे मिरजेच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं. अप्पा मिरजेचे. त्यामुळे या स्टेशनाकडे ते आजोळाच्या हक्काने पाहतात.

तिथे पाहण्यासारखं म्हणाल तर फलाट. गजरे विकणाऱ्या बायका, कारखान्यांतली पोरं, एक बकरी. अप्पांनी स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला विचारलं, "खाँसाहेब कुठे बसले होते?" त्याने अत्यंत सौजन्याने हरवलेल्या सामानाची चौकशी कुठे करायची ते दाखवलं. शेवटी आत्यानेच निर्णय घेतला, पुण्याहून वाहून आणलेली सतरंजी प्रथमच उलगडली आणि एका कडुनिंबाखाली अंथरली. "बसा इथे. इथेच असणार." अप्पा बसले, डोळे मिटले आणि खालच्या आवाजात दरबारीचा षड्ज लावला. छातीवर हात होता. पाचच मिनिटांत आमच्याभोवती गर्दी. कुणी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी सोडा आणला, एका बाईने वर्तमानपत्राने वारा घालायला सुरुवात केली. कॉलेजातल्या एका मुलाने आत्याला घाबरून विचारलं, "डॉक्टर?"

"नो," आत्या म्हणाली. "दरबारी."

परतीच्या लोकलमध्ये दोघांचं जुंपलं. अप्पा म्हणत होते, गाणं समोर बसून ऐकावं, बाकी सगळं उष्टं. आत्या म्हणाली, "मग तुमच्या घरी कपाटभर कॅसेटी कशाला?" हे खरं आहे. खासगी मैफलींची दुर्मीळ ध्वनिमुद्रणं अप्पांनी जन्मभर जमवली आहेत. ती ते ऐकत नाहीत. दुसऱ्याकडे नाहीत एवढा आनंद त्यांना पुरतो. "आणि सवाईची सांगता कशाने होते? सवाई गंधर्वांच्या रेकॉर्डनेच ना? भीमसेन अकराव्या वर्षी घर सोडून पळाले ते कशाने? याच खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून!"

अप्पा गुडुवांचेरीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "पळाले ना? घरात बसून ती रेकॉर्डच ऐकत नाही बसले!"

आत्याला उत्तर सुचलं नाही. ते तिला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं, आणि तेही रिक्षावाल्याच्या कृपेने. आम्हाला एका गान सभेत जायचं होतं. इतक्या गान सभा आहेत, त्यात आमचे उच्चार. त्याने भर उन्हात भलत्याच सभेच्या दारात उतरवलं. आत थंडगार वाटलं म्हणून गेलो. अडीचशे खुर्च्या, आणि माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली काही घोरत होती. मंचावर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी, व्हायोलिनवर तिच्याच वयाची मैत्रीण, मृदंगमवर मिसरूड न फुटलेला पोरगा. पहिल्या रांगेत आई. मुलगी गाई ते सगळं आईचे ओठ आधीच गात होते. बाजूला पांढऱ्या केसांच्या गुरू, हनुवटी छातीला टेकवून.

तोडीचा आलाप चालू होता, म्हणजे सूर आपल्या भैरवीचे आणि वागणं भलतंच. गंधारावर हेलकावे देत देत ती मुलगी भीत भीत वर चालली होती. पाठ केलेलं चोख म्हणत होती, परीक्षेला बसल्यासारखी. मध्येच, कदाचित श्वास कमी पडला म्हणून असेल, ती धैवताच्या अलीकडे एका जागी थबकली आणि तिथून आडवळणाने पंचमावर आली. ते ठरलेलं नव्हतं. हे मला कळलं असं नाही, आत्याला कळलं. ती दोन्ही हात उचलून त्या रिकाम्या सभागृहात मोठ्याने म्हणाली, "वाह!"

एक म्हातारा दचकून जागा झाला. आईने वळून पाहिलं. मुलगी बावरली, सूर अर्धवट सुटला, आणि क्षणभर मला वाटलं, आता ही रडणार. मग तिने आत्याकडे पाहिलं. थोडं हसली. आणि परत त्याच जागी गेली. या वेळी मुद्दाम थबकली, जास्त वेळ, आणि दुसऱ्याच वाटेने खाली आली. "हां!" आत्या म्हणाली. व्हायोलिनवालीने ते उचललं. मृदंगमवाला पोरगा, त्याला अजून काही काम नव्हतं, दात दाखवून हसू लागला. गुरूंची हनुवटी छातीवरून वर आली. तिसऱ्यांदा ती मुलगी त्या जागेवरून जे काही करून आली, त्यावर अप्पांनी "च्, च्, च्" केलं. अगदी बिनचूक, मान आडवी हलवत, जन्माचे मैलापूरकर असल्यासारखं.

पुढचा तासभर परीक्षा संपलेली होती. मुलगी एकेक जागा घ्यायची आणि आमच्या रांगेकडे बघायची. आत्या पसंत करायची किंवा नुसतीच भुवई उचलायची, मग ती पुन्हा जायची. झोपलेल्यांपैकी दोघे पुढे येऊन बसले.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "अप्पा, तुमच्या कपाटातल्या कॅसेटला मी वाह म्हटलं तर काय होईल?"

"काय व्हायचंय?"

"तेच."

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा मामी आणि मामा शेजारी. गाणारे गृहस्थ जोरात होते. रागम-तानम-पल्लवी झाली, तनि झालं (अप्पा आणि मामा जागेवर, बाकी जग रांगेत), आणि शेवटच्या हलक्याफुलक्या रचना सुरू झाल्या. श्रोते चिठ्ठ्या पाठवत होते. मामींनीही एक पाठवली होती. गायकाने ती वाचली, माइकजवळ सरकला आणि सुरू केलं: तुकोबांचा अभंग.

सभागृह एकदम सैलावलं. तालाची बोटं सोडून माणसं टाळ्यांवर आली. मामी डोळे मिटून गात होत्या, "विट्टला, विट्टला", ठकाराला बाजूला ठेवून. तंजावरला भोसल्यांचं राज्य १८५५पर्यंत टिकलं. मराठी कीर्तनकार तिकडे गेले, साक्या-दिंड्या तमिळ हरिकथेत मुरल्या, भजनांत अभंग राहिले. आणि हल्ली अरुणा साईराम यांच्यासारख्यांनी ते मोठ्या मंचावर आणून असे लोकप्रिय केले की अभंगावाचून कच्चेरी उठली तर चुकल्यासारखं वाटावं. पुण्यात शास्त्रीय झाल्यावर अभंग सुरू झाला की पार्किंगकडे निघणारे अप्पा इथे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मंगलमनंतर मामींनी पर्समधून एक जीर्ण वही काढली. त्यांच्या भजनी मंडळाचे अभंग. मराठी, पण तमिळ लिपीत. "यू आर फ्रॉम पुणे! प्लीज करेक्ट," म्हणत त्या एकेक वाचू लागल्या. भोवती घोळका. नामदेवांचा, तुकोबांचा, एकनाथांचा. पहिल्या दोन्हींना अप्पांनी मान डोलावली, तिसऱ्याला एक उच्चार सुधारला. चौथा त्यांनी ऐकलेलाच नव्हता. पाचवाही. आत्या मजेने बघत होती. घोळका निकालाची वाट बघत होता. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाठभेद आहे."

मी भाषांतर केलं. मामींनी आदराने त्या पानावर खूण केली. एवढ्यात मामा, ज्यांचा आवाज आम्ही इतक्या दिवसांत ऐकलेला नव्हता, पुढे झाले. अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे.

"टुमारो," ते म्हणाले, "अडै-अवियल. कम अर्ली."

अप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आपलं परतीचं तिकीट बदलता येतं का गं?"